अडीच महिन्यांचा शब्द

पाहुणे किती वाजता येणार हे खुद्द पाहुण्यांना माहीत नसलं, तरी आमच्या शेजारच्या अदमासेंना माहीत असतं. अदमासे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते मी ठेवलं, आणि बिल्डिंगभर असं चिकटलं की एकदा कुरियरवाला त्यांच्याच दारावरची पाटी वाचून मला विचारत होता, इथे अदमासे राहतात ना, मग हे पाटीवरचे गृहस्थ कोण?

माणसाचा धंदाच अदमासाचा. रुग्णालयं, शाळा, कारखाने यांना आपली सगळी माहिती एका जागी ठेवायला मोठा संगणक लागतो, त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. हे मला त्यांनी असं समजावलं होतं: "वहिनी, अख्ख्या बिल्डिंगच्या भानगडी तुमच्या डोक्यात असतात की नाही? कुणी काही विचारलं की तुम्ही क्षणात सांगता. डेटाबेस सर्व्हर म्हणजे तेच. फक्त तो विचारल्याशिवाय बोलत नाही." मी त्यांना भावजी म्हणते, म्हणून हे ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर जिना उतरणं मुश्कील केलं असतं.

सर्व्हर बसवणारे वेगळे. अदमासेंचं काम त्याआधीचं. जागा बघायची, आणि हे बसवायला किती दिवस लागतील, किती खर्च येईल ते सांगायचं, आणि काम उभं राहीपर्यंत त्यावर नजर ठेवायची. त्यासाठी ते कामाचे बारीक बारीक तुकडे करत. वीज, थंड हवा, बॅटऱ्या, यंत्र यायला लागणारा वेळ, त्यातल्या प्रोग्रॅमची परवान्याची फी, जुनी माहिती नव्यात हलवणं, ती नीट आली का ते तपासणं, माणसांना शिकवणं. प्रत्येक तुकड्याला दिवस आणि पैसे. मग बेरीज. आणि बेरीज झाली की गुपचूप तिची दुप्पट.

दुप्पट का, तर त्यांच्या साहेबांमुळे. त्यांचं नाव मी अर्धेसाहेब ठेवलं होतं. कागद समोर आला की साहेब चष्मा पुसत आणि आकडा निम्मा करत. तो निम्मा आकडा म्हणजे अदमासेंनी मुळात काढलेला खरा. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दुसऱ्याला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. तरी हे डोकं खाजवत, ते चष्मा पुसत, आणि वर्षानुवर्षं संसार सुखाचा चालला होता. मी म्हटलं, भावजी, मग एकदाच खरं सांगून मोकळे का होत नाही? तर म्हणाले, वहिनी, तुम्ही भाजीवालीला पहिल्याच भावाने पैसे देता का?

आमच्या मजल्यावरही त्यांचा आकडा कसा ऐकायचा हे सगळ्यांना येत होतं. नळ अर्ध्या तासात दुरुस्त करतो म्हणाले की त्यांची बायको वाद न घालता आंघोळीच्या बादल्या आमच्याकडून भरून नेई. आकडा त्यांनी सांगायचा, त्यातला अर्थ आपण काढायचा. ही विद्या अवगत नसलेलं एकच माणूस त्यांच्या आयुष्यात होतं, आणि ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. अक्का.

आई लवकर गेली तेव्हा अदमासे एवढेसे होते. अक्काने त्यांना वाढवलं. शाळांचे गणवेश शिवले, त्यावर यांचं कॉलेज झालं. लग्नाचं वय त्या शिवणयंत्रावरच निघून गेलं. पुढे यांची नोकरी, लग्न, दोन खोल्यांच्या तीन खोल्या झाल्या. अक्का मात्र दूरच्या गावी भाड्याच्या एका खोलीतच. दर वेळी दिवाणखान्यात नवा पडदा लागला की हे म्हणत, आता अक्काला आणायचं. पडदा जुना व्हायचा.

मग अक्काच्या घरमालकाला खोली हवी झाली, मुलासाठी. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, घाई नाही, तुमच्या भावाला विचारून एक तारीख सांगा, त्या तारखेपर्यंत खोली तुमची. अक्काने फोन केला आणि विचारलं, "मी यायचं का रे तुझ्याकडे? आणि कधी?" इतक्या वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

त्यांच्या बायकोने नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर बिल्डिंगमध्ये तिच्या नावाने बरंच काही बोललं गेलं आणि त्यातलं सगळं मी पसरवलेलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी असते. सासऱ्यांचं शेवटचं दुखणं तिने एकटीने काढलं, तेव्हा हे कुठल्यातरी कारखान्यात सर्व्हर बसतोय का ते बघत होते. तिची अट एकच होती. अक्का येऊ देत, पण आल्यावर पहिला महिना तुम्ही घरी राहायचं. त्यांना काय लागतं, काय चालत नाही, रात्री दिवा हवा की नको, ते सगळं बसवून द्यायचं. मग मी बघते. नुकतंच हाती आलेलं ते रुग्णालयाचं काम संपवा, महिनाभराची रजा घ्या आणि घेऊन या. रास्त होतं. मला तर वाटलं, मीसुद्धा आमच्या ह्यांना अशा अटी घालायला हव्या होत्या.

म्हणजे आता सगळं त्या रुग्णालयाच्या कामावर आलं. ते संपलं की अक्का घरी.

नेमकं त्याच सुमारास अर्धेसाहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. माणसं तीर्थाला जाऊन आल्यावर कांदा सोडतात, साहेबांनी निम्मं करणं सोडलं. सगळ्यांना बोलावून सांगितलं, यापुढे आकड्यात पाणी घालायचं नाही. खरा अंदाज द्या, मी एक दिवस कापणार नाही. अदमासे त्या दिवशी घरी आले ते शीळ घालत. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. म्हणाले, वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा मी खरं लिहिणार. मी म्हटलं, सांभाळा, सवय नसली की पोट बिघडतं.

रुग्णालय त्यांनी खालपासून वरपर्यंत पालथं घातलं. सर्व्हरसाठी दिलेली खोली म्हणजे चादरी-उशांचं जुनं कोठार, खिडकी नाही, हवा नाही. विजेची तार लिफ्टशी जोडलेली. लिफ्ट वर निघाली की खोलीतला दिवा मान टाकी. पण खरं घोडं अडणार होतं ते जुन्या माहितीपाशी. नोंदणीचा संगणक वेगळा, औषधांचा वेगळा, तपासण्यांचा वेगळा, बिलांचा वेगळा. आणि चारही ठिकाणी एकाच रोग्याला वेगवेगळे क्रमांक. चार सावत्र भावंडं एका घरात नांदवायची तसं ते. नोंदणीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, एकच माणूस आमच्याकडे जिवंत आहे आणि बिलांच्या खात्यात वारलेला, कारण तिथे त्याचं खातं बंद करायचा दुसरा मार्ग नव्हता.

अदमासेंनी सगळं मोजून लिहिलं: पाच महिने. खर्चातही यंत्र हा लहानसा भाग. घोडा स्वस्त, तबेला महाग, असं ते म्हणत. सगळ्यात मोठा खर्च जुनी माहिती साफ करून हलवण्याचा. साहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसला नाही, आणि तसाच्या तसा घेऊन अदमासेंना बरोबर घेऊन रुग्णालयात गेले.

रुग्णालयाचे खजिनदार शिबिराला गेलेले नव्हते. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही म्हणे. नुसते म्हणाले, तुमच्या धंद्यात दुप्पट सांगतात हे काय आम्हाला नवीन आहे? निम्म्यावर या, वेळही आणि पैसेही, नाहीतर दुसरे दोघं बाहेर बसलेत. साहेब लगेच हो म्हणाले.

परतताना लिफ्टमध्ये अदमासेंनी विचारलं, साहेब, हे काय केलंत? तर साहेब म्हणाले, "तुमच्या आकड्यात पाणी नाही हे मला माहीत आहे हो. पण त्यांना कसं माहीत असणार?"

जुनी माहिती साफ करण्याची ओळ खर्चातून गेली. ते काम रुग्णालयाची माणसं करतील असं लिहिलं, म्हणजे कुणीच करणार नाही. पाच महिन्यांचे अडीच झाले. आणि नव्या कागदावर अंदाज करणारा म्हणून सही कुणाची? अदमासेंची. साहेबांच्या मते ती नुसती रीत होती.

इथपर्यंतचं मी समजू शकते. नोकरी आहे, सही करावी लागते. पुढचं मला आजही कळत नाही. सही केल्यापासून त्यांना तो आकडा खरा वाटू लागला. दारू न पिता माणूस झिंगतो ते असं. संध्याकाळी मला गॅलरीतून समजावत होते, की बघा वहिनी, यंत्र लवकर आलं, वीजवाल्याने वेळ पाळली, खिडकीतल्या बाईंनी मनावर घेतलं, तर काय अशक्य आहे? मी म्हटलं, आणि मला सोळावं लागलं तर काय अशक्य आहे?

तेवढ्यात अक्काचा फोन आला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पुसत, कान इकडे. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग बोलले.

"अक्का, अडीच महिने. मी स्वतः येतो न्यायला. आवर तू."

जर नाही, तर नाही, साधारण नाही. माणूस जन्मभर साधारण म्हणत आला आणि नेमकं तिथे तो शब्द गिळला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, भावजी, अडीच की पाच? हसले. म्हणाले, थोडं मागेपुढे होईल, ती काय परकी आहे?

परकी नव्हती, पण त्यांच्या धंद्यातलीही नव्हती. तिने जन्मभर गणवेश शिवले होते. शाळा उघडायच्या दिवशी पोराच्या अंगावर सदरा नसला तर तो मागेपुढे होणं नसतं. तिच्या लेखी तारीख म्हणजे तारीख. तिने दुसऱ्याच दिवशी घरमालकाला कळवलं. त्याने रंगाऱ्याला सांगून टाकलं. मग अक्का एकेक वस्तू देऊ लागली आणि दर फोनला हौसेने सांगू लागली. खाट समोरच्या म्हातारीला दिली. शेगडी दिली. कपाट विकलं नाही, देऊन टाकलं, कारण शेजारणीच्या मुलीचं लग्न होतं. शेवटी शिवणयंत्रही तिच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीला दिलं. "तुझ्या घरी कशाला हवंय आता," म्हणाली.

हे ऐकताना अदमासे भिंतीकडे तोंड करून उभे असत. यंत्र दिल्याचं कळलं त्या दिवशी मी त्यांना स्पष्ट म्हटलं, आजच्या आज सांगा तिला, थांब म्हणावं. म्हणाले, दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होईल, मग सांगतो.

चित्र काय स्पष्ट व्हायचं? सर्व्हर आला, तर कोठारात चादरी तशाच. चादरी हलल्या, तर थंड हवेचं यंत्र नाही. ते आलं, तर लिफ्ट आणि ते एकदम चालू झालं की अख्ख्या मजल्याची वीज जाई, आणि लिफ्टमध्ये रोगी. नवी तार टाकायचा खर्च निम्म्यात बसत नव्हता. साहेब म्हणाले बघू, खजिनदार म्हणाले तुमचं तुम्ही बघा. आणि जुनी माहिती जागची हलेना. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, समोर रांग लागलेली असताना मेलेल्यांना जिवंत करायला मला वेळ नाही. चुकलं काय त्यांचं? शेवटी अदमासे स्वतःच ते करत बसले. हे त्यांचं काम नव्हतं, पण सही त्यांची होती. रोज कुणीतरी विचारी, किती राहिलं? ते म्हणत, दोन आठवडे. महिनाभर दोनच आठवडे राहिले होते.

अक्काची तारीख तोंडावर आली तेव्हा त्यांनी बायकोपुढे विषय काढला. आमची भिंत पातळ आहे, मी काही कान लावला नव्हता. लावावा लागत नाही. हे म्हणाले, तू आत्ता आणून घे तिला, मी काम संपलं की रजा घेतोच. मग ती म्हणाली,

"बाबांच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. दोन आठवडे. मी मोजले होते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर भांडण होऊन काहीतरी निघालं असतं. त्या दिवशी प्रथमच मला त्यांना चिडवावंसं वाटलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाटलं तर ते सापडले नाहीत. पहाटेच रुग्णालयात गेले होते.

अक्काला त्यांनी फोन केला तो खोली सोडायच्या आदल्या दिवशी. थोडं लांबलंय, म्हणाले. किती, तिने विचारलं. दोन आठवडे, हे म्हणाले. घरमालकाचा रंगारी डबे घेऊन आला होता, त्याला परत कसं पाठवणार? अक्काने आरडाओरडा केला नाही. लांबच्या नात्यातली एक भाची त्याच गावात होती, जुळी मुलं झालेली, एका खोलीचंच घर. अक्का तिच्याकडे बोचकं घेऊन गेली, चार दिवस म्हणून. स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं.

रुग्णालयाचा सर्व्हर सुरू झाला तो पाच महिने संपता संपता. म्हणजे अदमासेंनी पहिल्या कागदावर जे लिहिलं होतं तेव्हाच. खर्चही फिरून तेवढाच झाला, वर उशिराचा दंड. पहिला कागद कुणाला आठवत नव्हता. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की खऱ्या आकड्यांचा प्रयोग फसला, कारण आपल्या माणसांना अंदाज करताच येत नाही. बोलताना चष्मा पुसत होते म्हणे. आता अंदाजाचं काम दुसऱ्याकडे गेलंय. अदमासे तक्रारींचे फोन घेतात.

मात्र महिन्याची रजा मिळाली. इतक्या सहज मिळाली की तिचंही वाईट वाटावं. बायकोने मागची खोली रिकामी केली, भिंतीला धरून उठायला दांडी बसवून घेतली. तिचा शब्द तिने पाळला. तिला दुकानातून सुटी नव्हती, म्हणून अक्काला आणायला गाडी घेऊन मी गेले. गाडी आमची, चालवते मी. आमच्या ह्यांना गाडीत फक्त घोरता येतं.

वाटेत अदमासे बरंच बोलले. अक्काला खिडकीजवळची बाजू द्यायची, नवं शिवणयंत्र घ्यायचं, विजेवरचं. मी म्हटलं, किती दिवसांत? हसले नाहीत.

भाचीचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार लोटलेलं होतं. अक्का जमिनीवर बसली होती, एक बाळ मांडीवर, दुसरं पायाशी, आणि हातातल्या कसल्याशा लहान झबल्याला टाके घालत. मी तिला प्रथमच पाहत होते. वाटली होती त्याहून लहानखुरी, आणि वाटली होती त्याहून ताजी. भावाला बघून तिचा चेहरा उजळला, हे खरं. सावकाश बाळाला खाली ठेवून उठली, आम्हाला पाणी दिलं, माझी चौकशी केली, यांची बायको कशी आहे ते विचारलं. यांच्या तोंडाला हात लावून म्हणाली, वाळलास.

हे म्हणाले, चल अक्का. खोली तयार आहे. महिना घरीच आहे मी.

अक्का खाली बसली. झबलं पुन्हा हातात घेतलं. भाची कामाला लागली म्हणाली, गेल्याच महिन्यात. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं, आणि बाळांना बघायला कुणी नव्हतं. मी बघते म्हटलं. तू कधी येशील ते कळत नव्हतं, आणि ती रोज विचारत होती, पोरांना बघशील का. "तिला शब्द दिलाय मी. पोरं शाळेत जाईपर्यंत."

हे म्हणाले, अक्का, ती दुसरं कुणी बघेल. पैसे मी देतो.

"शब्द दिलाय रे," अक्का म्हणाली. रागावून नव्हे. एखादी गोष्ट ज्याला कळतच नाही त्याला समजावतात तसं.

बाळं अजून रांगतही नव्हती. शाळेत जायला किती वर्षं लागतील हे सांगायला कुणी धंद्यातला माणूस लागत नाही. मी उठून खिडकीशी गेले. खाली गाडीची मागची सीट आम्ही सामानासाठी पाडून आणली होती.

निघताना अक्का दारापर्यंत आली, मुलाला खांद्यावर थोपटत. यांनी वाकून नमस्कार केला आणि सरळ व्हायला जरा वेळ घेतला. फोन करतो म्हणाले.

"कर," ती म्हणाली. "पण दुपारी नको करूस. पोरं झोपलेली असतात."